शालाक्कांची स्थळं

माझा आवाज ऐकला नाही असा माणूस कोल्हापुरात सापडणं कठीण, आणि मला तोंडावरून ओळखणारा सापडणं त्याहून कठीण. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधून गल्लोगल्ली ओरडत फिरणं हा माझा धंदा. साड्यांचा सेल, उद्या पाणी येणार नाही, निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान, राजारामपुरीतून उडालेला पोपट, सगळं मी सारख्याच तळमळीनं सांगतो. पोपटाच्या वेळी माझा गळा दाटून आला होता, असं आमचा रिक्षावाला बशीरभाई अजून चारचौघांत सांगतो.

शालाक्कांची आणि माझी ओळख ह्या गळ्यामुळंच झाली. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की पहिल्यांदा माझी फजितीच आठवते. मग जरा वेळ थांबून पुन्हा आठवावं म्हटलं तर दुसरी फजिती आठवते. त्याला माझा इलाज नाही. आक्का माझ्या आयुष्यात आल्या त्याच मुळी मी काहीतरी घोळ घातल्यावर निस्तरायला.

त्या वेळी मला सरकारी दवाखान्याच्या क्षयरोग मोहिमेचं काम मिळालं होतं. मजकूर सोपा. 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर दुर्लक्ष करू नका, जवळच्या दवाखान्यात तपासणी करून घ्या.' अडचण एवढीच, की 'खोकला' ह्या शब्दाशी आलो की मला खोकला यायचा. गणपतीपासून येतच होता. मी त्याचा दोष धुरळ्याला, बर्फाच्या गोळ्याला, आणि आईच्या फोडणीला आळीपाळीनं देत होतो. तिसऱ्या गल्लीत पोचेपर्यंत रिक्षामागं पोरांची फौज जमली आणि भोंग्यातून माझा खोकला आला की ती सगळी एका सुरात खोकायला लागली.

"ॲक्टिंग कमी कर गड्या," बशीरभाई म्हणाला. "पैसं तेवढंच मिळणार हायत."

आम्ही मायलेक नुकतेच ज्या वसाहतीत भाड्यानं राहायला आलो होतो, तिथंच रिक्षा शिरली होती. नदीकडच्या उतारावरची एकच लांबलचक गल्ली. फौंड्रीत जाणारे, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या, भंगार गोळा करणारे, अशी सगळी मंडळी. एका उंबऱ्यावर मेथी निवडत बसलेली एक बाई उठली, पदराला हात पुसले, आणि रिक्षाच्या आडवी येऊन उभी राहिली. ठेंगणी, साठीच्या आतबाहेरची, पायात पुरुषी चपला.

"पावणं, जाहिरात लई झ्याक हाय."

"धन्यवाद, मावशी."

"सोता ऐकलीसा काय कवा?"

बशीरभाई स्टेअरिंगवर डोकं ठेवून हसला. मी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि त्यातून खोकलाच आला. त्या बाईनं माझ्या तोंडापुढचा माइक बाजूला केला आणि आवाज एकदम खाली आणून विचारलं, "लगीन झालंय?"

"नाही."

"मग उद्या येतो घरला. स्थळ हाय एक."

मी आईला जाऊन सांगितलं की उद्या एक बाई स्थळ घेऊन येणार आहे. आईनं त्या रात्री देवापुढं दोन वाती लावल्या. माझ्या लग्नाच्या बाबतीत देव आणि आई सोडून सगळ्यांनी आशा सोडलेली होती.

इथं आधी आक्कांचा धंदा सांगायला हवा, नाहीतर वाचणाऱ्याचाही माझ्यासारखाच घोळ होईल. शालन हे नाव, सगळ्यांच्या शालाक्का. कोल्हापूरच्या बायका बोलतात तसं 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. त्या खऱ्याखुऱ्या लग्नं जुळवायच्या. आजऱ्यापासून कुरुंदवाडापर्यंत कुणाची पोरगी लग्नाची, कुणाचा पोरगा बिनकामाचा, हे त्यांना पाठ. आणि त्याच रेक्झिनच्या पिशवीत बायोडाटांच्या खाली टीबीच्या गोळ्यांची पाकिटं असायची. दवाखान्यानं वसाहतीतल्या पेशंटना रोज समोर बसून गोळी घ्यायला लावायचं काम त्यांच्याकडं दिलं होतं. ते काम त्यांनी लग्नाच्या पिशवीत घातलं, हे मात्र त्यांचं स्वतःचं डोकं.

कारण आमच्या गल्लीत टीबी झाला असं कळलं की त्या माणसाचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि घरात लग्नाची पोरगी असली तर त्या दाराकडं पाहुण्यांची वाटच वळायची नाही. म्हणून आक्का गल्लीत 'टीबी' हा शब्द कधीच उच्चारायच्या नाहीत. 'बोलणी चालू हायत' म्हणजे औषध चालू. 'स्थळ पक्कं हाय' म्हणजे तपासणीत टीबी निघाला. 'अक्षता पडल्या' म्हणजे शेवटची गोळी घेतली, सुटला. आणि कुणी गोळ्या मध्येच सोडल्या तर 'बोलणी फिसकटली'. हे शेवटचं त्या फार कमी वेळा बोलायच्या, आणि बोलल्या की त्या दिवशी चहा घ्यायच्या नाहीत.

मला हळूहळू कळलं की त्यात नुसतं लपवणं नव्हतं. लग्न जुळवणारी बाई कुणाच्याही घरात शिरून काहीही विचारू शकते. घरात माणसं किती, कोण कुठं झोपतं, दारू कोण पितं, पोरीचं वजन किती. कुणालाही राग येत नाही. उलट चहा मिळतो. दवाखान्याची बाई हेच विचारायला आली असती तर दार लागलं असतं. आक्का घरात शिरल्या की पहिल्यांदा खिडकी उघडायच्या. "उजेड येऊद्या की. अंधारात पोरगी दिसायची कशी?" मग ती खिडकी पुन्हा लावायची कुणाची छाती नव्हती. पेशंटना त्या कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर उभं करायच्या आणि भंगारवाल्याला सांगायच्या, "बायोडाटात वजन घालावं लागतंय आजकाल." पोरीच्या आईला सांगायच्या, "पोरगी भरल्यावाणी दिसाय पायजे. रोज अंडं घाला." त्या अंड्यावर गल्लीतल्या कितीजणांची छाती भरून आली असेल, देव जाणे.

स्वतः मात्र पोह्याला हात लावायच्या नाहीत. "पोह्यानं माझं आयुष्य पिवळं केलंय," म्हणायच्या.

तर दुसऱ्या दिवशी त्या आमच्या घरी आल्या. आईनं पोहेच केले होते. आक्कांनी खिडकी उघडली, मला दारात बोलावलं आणि एक छोटी प्लॅस्टिकची डबी हातात दिली.

"हे काय?"

"सकाळी उठल्या उठल्या ह्यात बेडका द्यायचा."

मी स्थळाच्या तयारीनं इस्त्रीचा शर्ट घालून उभा होतो. मुलीकडच्या मागण्यांबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं, पण ही मागणी नवीन होती. मग त्यांनी हलक्या आवाजात सगळं समजावलं, आणि तो इस्त्रीचा शर्ट माझ्या अंगावर ओला झाला.

मी सकाळी डबी भरून दिली. आक्कांनी ती उजेडात धरली. "ही लाळ हाय. खालनं काढा, छातीतनं."

"येत नाही, आक्का."

"एवढा भोंग्याचा माणूस, छातीतनं काय काढाय येत न्हाई? चला माझ्यासंगट." त्यांनी मला नदीकडच्या मोकळ्या जागेत नेलं. "आता तुमची ती कुस्तीची जाहिरात म्हणा. जोरात."

उजाडायच्या बेताला, धुक्यात, नदीकडं तोंड करून मी ओरडलो, "निकाली कुस्त्यांचं जंगी मैदान." दुसऱ्या वेळी छातीत काहीतरी हललं. तिसऱ्या वेळी डबी भरली. तोवर उतारावरच्या चार घरांची दारं उघडली होती आणि एक म्हातारा काठी टेकत खाली येत विचारत होता, "मैदान कुटं हाय म्हणं?" आक्कांनी डबी पदराखाली घेतली आणि त्याला सांगितलं, "रद्द झालं. पैलवान आजारी हाय."

निकाल आला त्या दिवशी मी न्हाणीत होतो. आक्कांचा फोन आईनं उचलला. पलीकडं कोण आहे, बाजूला कोण ऐकतंय, ह्याचा अंदाज येईना म्हणून आक्का म्हणाल्या, "त्यास्नी सांगा, स्थळ पक्कं हाय. आजच्या आज यायला लावा."

आईनं विचारलं, "मुलगी कुठली?"

 आक्का म्हणाल्या, "सरकारी हाय."

मी अंग पुसून बाहेर आलो तेव्हा आई घरात नव्हती. गल्लीत पेढे वाटत होती. सरकारी नोकरीवाली सून मिळाली, असं ती दारोदार सांगत होती, आणि नळावरच्या रंजनावहिनी, ज्या कुणाचंच चांगलं ऐकून घेत नसत, त्यांनीसुद्धा दोन पेढे घेतले होते. फुप्फुसात जंतू सापडल्याबद्दल गल्लीभर तोंड गोड झालेला माणूस जिल्ह्यात मी एकटाच असेन.

आक्का धावतपळत आल्या. आईला आत घेऊन बसवलं, आधी एक पेढा स्वतः खाल्ला आणि मग खरं काय ते सांगितलं. आईनं पेढ्यांचा रिकामा बॉक्स उचलून पाहिला. मग म्हणाली, "म्हणजे आता लोकांकडनं पेढे परत मागायचे काय?"

"ऱ्हाऊद्या," आक्का म्हणाल्या. "सहा म्हैन्यानं बरा झाल्यावर वाटायचंच हुतं. तुमी आदीच वाटलं एवढंच."

आई तेव्हा रडली, आणि आक्का तिच्या पाठीवरनं हात फिरवत बसल्या. माझं ताट वेगळं करायची गरज नाही, हे त्यांनी आईला त्या दिवशी जसं सांगितलं तसं मला भोंग्यावर कधी सांगता आलं नाही. त्यांनी माझ्या ताटातलाच अर्धा पेढा उचलला आणि बोलता बोलता संपवला.

मग रोजच्या गोळ्या. पहिल्या दिवशी लघवी शेंदरी झाली, तेव्हा मी आजाराचं नाव न घेता बशीरभाईला माझी शेवटची इच्छा सांगायला घेतली होती. माइक त्याच्या पोराला द्यावा, अशी. दुसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंगावर मांस आलं, आणि मला वाटलं आता झालं की. मी सकाळी लवकर रिक्षा काढून आक्कांना चुकवायला लागलो. तिसऱ्या दिवशी त्या गल्लीच्या तोंडाला मधोमध उभ्या. बशीरभाईनं ब्रेक मारला.

"भोंगेवाले, बोलणी फिसकटवायचा इचार हाय काय?"

"बरं वाटतंय आता, आक्का."

"बरं वाटतंय ते गोळीला वाटतंय. तुमाला अजून काय वाटत न्हाई." पाण्याची बाटली आणि गोळ्या पुढं केल्या. मी त्या रस्त्यात, मागं दोन दुधाच्या गाड्या हॉर्न वाजवत असताना गिळल्या. बशीरभाईला सांगितलं, लग्नाआधीच्या ताकदीच्या गोळ्या आहेत. मी आज बोलतोय, पोटापाण्याचं ओरडतोय, ते त्या ब्रेकमुळं. ह्यात अतिशयोक्ती नाही. दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसणारा एकजण गोळ्या सोडून गेला, आणि परत आला तो दुसऱ्यांच्या खांद्यावर.

एकदा तांदळातले खडे वेचताना मी त्यांना विचारलं, की हे सगळं तुम्ही का करता. त्या सहज म्हणाल्या, "माझं पयलं स्थळ ह्यापायीच मोडलंतं. कुणी तरी जाऊन सांगटलं त्यास्नी, पोरगी खोकती म्हणून."

"मग?"

"मग काय. दुसरं जमलं. त्यो दारू पिऊन मेला. पयलंच बरं हुतं." आणि पुन्हा खडे वेचायला लागल्या.

आता माझा सगळ्यांत मोठा घोळ. माझ्या गल्लीत माझ्यासारखीच लपूनछपून गोळ्या घेणारी एक पोरगी होती. तिचं खरं नाव लिहिलं तर आक्का वरून खाली येतील, म्हणून तिला रूपाली म्हणू, आणि तिच्या घरच्या नि पुढं येणाऱ्या पाहुण्यांचीही नावं मी बदललीच आहेत. तिचा बाप तानाजी फौंड्रीत भट्टीवर होता. आक्का रोज त्या घरी जायच्या आणि गल्ली समजायची, रूपालीचं जमतंय कुठंतरी. गल्ली एवढी ठाम समजायची, की खरोखरच राधानगरीकडच्या एका घरातून विचारणा आली. मुलगा दूध संस्थेत कामाला, घरी म्हशी. आक्कांच्या पिशवीतल्या दोन बाजू पहिल्यांदाच एकमेकींना भिडल्या.

नेमक्या त्याच आठवड्यात आम्ही गल्लीतून सेलची जाहिरात करत निघालो होतो. मधे थांबून बशीरभाईनं पान लावलं आणि विचारलं, "पेढं खाऊन चार म्हैने झालं. लगीन कवा हाय मर्दा?"

त्याच्यापासून किती दिवस लपवायचं, असं मला वाटलं. मी म्हणालो, "कसलं लग्न, बशीरभाई. टीबी झालाय मला. आक्का स्थळाच्या नावानं गोळ्या द्यायला येतात."

हे मी बोललो, आणि तेच पुन्हा, जरा उशिरानं, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आपटून परत आलेलं ऐकलं. माइक चालूच होता. धंद्याची सवय अशी, की खासगी गोष्टसुद्धा मी शब्दन् शब्द स्वच्छ उच्चारतो.

नळावरचं पाणी वाहत राहिलं. रंजनावहिनींनी घागर खाली ठेवली आणि म्हणाल्या, "अगं बाई. मग आक्का तानाजीच्या घरात कशाला जात्यात?"

रूपालीच्या खिडकीचं दार आतून लागलं. मला तो आवाज ऐकू आला, आणि पहिल्यांदाच वाटलं, आपला आवाज गेला असता तर बरं झालं असतं.

आक्का मला रागावतील म्हणून मी वाट बघत बसलो. त्या आल्याच नाहीत. त्या संध्याकाळी त्या गल्लीच्या पहिल्या घरात शिरल्या, खिडकी उघडली, चहा प्यायल्या आणि बाहेर आल्या. मग दुसऱ्या घरात. मग तिसऱ्या. दुसऱ्या दिवशीही तेच. रंजनावहिनींच्या घरी तर पाऊण तास बसल्या आणि निघताना दारातून मोठ्यानं म्हणाल्या, "बोलणी चालू हायत बरं का वहिनी, घाबरायचं न्हाई." माजी नगरसेवकांच्या बंगल्यात लग्नाचं कुणीच नव्हतं. नगरसेवक म्हणाले, "आमच्यात कुणासाठी आलासा, आक्का?"

"तुमच्या टायगरला स्थळ आलंय."

नगरसेवकांच्या टायगरनं शेपूट हलवली. आठवडाभरात अशी वेळ आली, की गल्लीत आक्का जिथं चहा प्यायल्या नाहीत असं घर उरलं नाही, आणि कुणाकडं बोट दाखवायचं तर स्वतःच्या दाराकडंही दाखवावं लागलं असतं. रंजनावहिनी नळावर गप्प पाणी भरायला लागल्या.

मग त्या माझ्याकडं आल्या. "तुमचं तर जाहीरच झालंय. आता तुमी उंबऱ्यावर बसून, सगळ्यांदेखत गोळी खायाची. आनि कुणी इचारलं तर सांगायचं." मी बसलो. पहिले दोन दिवस लोक लांबून बघायचे. मग एक म्हातारा आला, तोच मैदान विचारणारा, आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "मलाबी रातचं घाम येतोय रे. त्ये चांगलं न्हवं काय?" त्याच्यानंतर आणखी आले. माझ्या सगळ्या जाहिरातींत उपयोगी पडलेली जाहिरात तीच, आणि तीही चुकून झालेली.

पण तानाजी बिथरला होता. राधानगरीची माणसं बघायला यायच्या आत त्यानं गोळ्यांचं पाकीट आक्कांच्या हातात परत दिलं. "बास आता. पावण्यांच्या नजरंला पडलं तर पोरगी घरात ऱ्हाईल माझी."

"मधीच सोडली तर पोरगीच ऱ्हायची न्हाई, तानाजी."

"आक्का, तुमी स्थळवाल्या की दवाखान्यावाल्या, एकदा ठरवा."

आक्का खाली बसल्या. त्या दिवशी चहा घेतला नाही. मी दारात उभा होतो. मला आत बोलवायची हिंमत कुणी केली नसती. शेवटी रूपालीच आतून आली.

"आक्का, तुमी त्यास्नी जाऊन सांगा. खरं ते."

"पोरी, मोडंल."

"मोडूदे. एवढं दिवस लपवून जीव मेटाकुटीला आलाय. तितं जाऊन जल्मभर लपवाय मला जमायचं न्हाई." आणि बापाच्या समोर हात पुढं केला, गोळीसाठी. तानाजीनं तोंड फिरवलं, पण पाण्याचा तांब्या त्यानंच सरकवला.

राधानगरीच्या एसटीत आक्कांबरोबर मी गेलो, मुलीचा मामा म्हणून. खऱ्या मामानं यायला नकार दिला होता आणि आक्कांना पिशवी धरायला कुणीतरी हवं होतं. "तुमी गप बसायचं," ही एकच अट. घर नीटनेटकं, दाराशी म्हशी, अंगणात पावसाचं शेवाळ. मुलाचे वडील मोकळे माणूस. त्यांनी मलाच विचारलं, "मामा, मुलगी सभावानं कशी हाय?"

मी दचकलो. दचकलो की माझ्या तोंडून धंदा बोलतो. "सर्व कुटुंबासाठी योग्य," मी खणखणीत आवाजात म्हणालो. "एकदा अवश्य भेट द्या."

आक्कांनी माझ्या पायावर पाय दिला आणि चहाचा कप खाली ठेवला. "पावणं, चहा पिऊन खोटं बोलल्यागत हुईल, म्हणून आदी सांगतो. पोरीला टीबी हुता. अजून गोळ्या चालू हायत. आता तिच्यापास्नं कुणाला धोका न्हाई, आनि कोर्स झाला की ती तुमच्याआमच्यागत. पोरीनंच सांगाय लावलंय. तिनं सांगटलं नसतं तर मी बोललो नसतो."

 वडिलांनी मिशीवरनं हात फिरवला. मुलगा, त्याला संदीप म्हणू, आत्तापर्यंत जमिनीकडं बघत होता. तो म्हणाला, "गोळ्या किती दिवस ऱ्हायल्यात?"

"संपंपतोर."

"मग थांबतो की आमी. त्यात काय."

मुलाची आई मात्र काहीच बोलली नव्हती. पदराचं टोक तोंडाशी धरून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आक्का उठून आत गेल्या, आणि सवयीनं तिथली खिडकी उघडली. "चुलीचा धूर हुतोय जरा," मुलाची आई पदरात खोकत म्हणाली. तिच्यामागं गॅसची शेगडी होती. मग त्या दोघी मागच्या दारानं गोठ्याकडं गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. मी वडिलांना कुस्तीच्या मैदानांबद्दल माहिती देत बसलो.

परतीच्या एसटीत मी विचारलं, "काय म्हणाल्या मुलाच्या आई?"

"म्हशींचं बोलत हुत्या."

"एवढा वेळ?"

"तुमास्नी सांगणं म्हंजे टपावर सांगणं." आणि खिडकीला डोकं टेकून झोपल्या.

पुढचे महिने रूपालीनं एक गोळी चुकवली नाही. संदीप खरंच थांबला. तेवढंच नाही, रोज फोन करायचा. दवाखान्यानं तिला शेवटी बरी झाली म्हणून सांगितलं, त्या दिवशी आक्का माझ्या उंबऱ्यावर येऊन म्हणाल्या, "अक्षता पडल्या." मी कधी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं. आणि पुढच्याच आठवड्यात रूपालीनं लग्नाला नाही म्हटलं.

तानाजी कपाळाला हात लावून बसला. आक्का तिच्यासमोर बसल्या. "अगं, पोरगं सोन्यावाणी हाय. खोट तरी काय?"

"खोट काय न्हाई. सकाळी फोन करून इचारतंय, गोळी घेतली काय. दुपारी इचारतंय, जेवलीस काय. रातच्याला इचारतंय, वजन किती झालं." रूपाली शांतपणं म्हणाली. "मला नवरा पायजे, आक्का. आक्का हाय की मला एक."

शालाक्कांचे खांदे हलायला लागले, आणि मग त्या एवढ्या हसल्या की तानाजीला पाणी आणावं लागलं. लग्नं जुळवणाऱ्या बाईचं चांगलं जमलेलं स्थळ मोडलं होतं. गल्लीच्या तोंडापर्यंत त्या पदरानं डोळे पुसत, पुन्हा पुन्हा हसत गेल्या. रूपाली आता एका कपड्याच्या दुकानात हिशेब बघते. लग्नाचं तिचं ती बघेल.

मोडलेल्या स्थळाकडचा माणूस जुळवणाऱ्या बाईला पुन्हा दारात उभं करत नाही. आक्काही राधानगरीचं नाव काढेनाशा झाल्या. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मला म्हशींबद्दलच उत्तर मिळालं.

आक्का मला शेवटच्या दिसल्या त्या दसरा चौकाच्या सिग्नलला, जाण्याआधी थोडेच दिवस. सकाळची गर्दी होती. मी साड्यांचा सेल सांगत होतो, आणि शेजारच्या रिक्षात आक्का बसल्या होत्या, मांडीवर ती पिशवी. त्यांच्या पलीकडं, अंग चोरून, पदराचं टोक तोंडाशी धरून, संदीपची आई. हातात प्लॅस्टिकची पिशवी, एसटीच्या प्रवासानं चुरगळलेलं लुगडं. पहाटेच्या गाडीनं आली असणार, कुणाला न सांगता. लग्न मोडलं होतं, विहीण व्हायचं राहिलं होतं, तरी आली होती.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. चांगलं पाहिलं, आणि रस्त्यावरच्या कुणाही माणसाकडं पाहावं तशी नजर पुढं दुकानांच्या पाट्यांवर नेली. मला आधी वाईट वाटलं. मग पलीकडच्या बाईकडं लक्ष गेलं. ती माझ्या आवाजाच्या रोखानं मान वळवत होती, ओळखीचं काहीतरी ऐकल्यासारखी. मामांचा आवाज. आक्कांनी ओळख दाखवली असती तर तिला वाटलं असतं, गाव आधीच उठून इथं येऊन बसलाय. आणि ती तिथंच उतरून परतीच्या गाडीला लागली असती.

मी माइक खाली केला आणि मान दुसरीकडं वळवली.

"काय झालं?" बशीरभाई म्हणाला. "आवाज गेला काय?"

मी मानेनंच हो म्हटलं. सिग्नल सुटला. त्यांची रिक्षा दवाखान्याच्या बाजूला वळली, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत आमच्या टपावरनं काहीच ऐकू आलं नाही.